काका उत्तरेला, आत्या दक्षिणेला

दोन्ही जहाजं ठरल्याप्रमाणे आपापल्या बंदराला लागली होती, आणि दोन्हींत चुकीची पृथ्वी होती.

दादाने हे रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून सांगितलं. काका टोस्टला लोणी लावत होते, ते लावतच राहिले. आत्याने विचारलं, चुकीची म्हणजे किती. वहिनीला आदल्या दिवशीच कळलं होतं, त्यामुळे ती चहा ओतण्यात गरजेपेक्षा जास्त लक्ष घालत होती. मी पेटीवर बसले होते. टेबलाला खुर्च्या पाच, पण त्यातली फोनशेजारची बाबांची. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसत नव्हतं. बसू नये असं कुणी म्हटलं नव्हतं, तरीही. त्यामुळे आम्ही पाचजण जमलो की एकाला काहीतरी ओढून आणावं लागे, आणि तो मान माझा. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी या घरात माझं नाव धाकटीच. भिंतीला लागून खिळे ठोकलेली एक लाकडी पेटी पडली होती, तीच मी पुढे ओढली होती.

"उत्तरेकडच्यांना दक्षिणेकडच्यांचे गोल गेलेत," दादा म्हणाला, "आणि दक्षिणेकडच्यांना उत्तरेकडच्यांचे."

तेव्हा काकांनी सुरी खाली ठेवली.

बाहेरच्या माणसाला यात एवढं हादरण्यासारखं काय, ते कळणार नाही. आमच्याकडे शाळेत ठेवायचे पृथ्वीगोल बनतात, पणजोबांपासून तेच. तळमजल्यावर पेट्या बांधल्या जातात, त्यावर चिकटखाना, त्यावर आम्ही राहतो. चिकटखान्यात पोकळ चेंडूवर छापील कागदाच्या लांबट फाका, संत्र्याच्या असतात तशा, खळ लावून एकीशेजारी एक बसवतात, आणि ओली पृथ्वी दोरीवर टांगून वाळवतात. उत्तरेकडचा तो देश आणि दक्षिणेकडचा तो देश, यांच्यामध्ये एक दरी आहे. दोघेही म्हणतात ती आमची. दोघेही आपल्या शाळांसाठी गोल आमच्याकडून घेतात. त्या दरीत आहे तरी काय, असं मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, शेळ्या.

बाबांचा नियम सोपा होता. ज्याच्या वर्गात गोल जाणार त्याच्या मनातली सीमा गोलावर असावी. खरी कुठली, हे ठरवणारे आपण कोण. आपण खळ लावणारी माणसं. दुसरा नियम असा की नवा देश झाला म्हणून लगेच छापायचा नाही, वर्षभर मुरू द्यायचा. कितीतरी देश त्या वर्षात परत जुन्यात मिसळून गेले आणि आमचा कागद वाचला. एवढ्या दोन नियमांवर त्यांनी दोन युद्धं, एक तेलटंचाई आणि माझं लग्न निभावून नेलं होतं.

आता मात्र कुणा मास्तरांनी मुलांसमोर दरीवर छडी टेकवायची खोटी होती. दरीला शत्रूचा रंग दिसला की दोन्हीकडून आमच्यावर कायमची बंदी आली असती. आमच्या धंद्याचा मोठा भाग या दोघांच्या भांडणावर चालायचा. तो गेला की चिकटखान्याला कुलूप. हे टेबलाशी प्रत्येकाला समजत होतं, पण सगळ्यांची नजर आत्याकडे गेली, कारण चिकटखाना म्हणजे आत्या. तिने संसार केला नाही, पृथ्व्या केल्या. ती कुठल्याही ओल्या गोलावरून डोळे मिटून हात फिरवते आणि सुरकुती कुठल्या समुद्रात आहे ते सांगते.

"असं झालं कसं?" आत्याने विचारलं.

दादा टेबलाच्या मध्यावर ठेवलेल्या बोलक्या गोलाकडे बघत राहिला.

*

तो बोलका गोल दादाने महिन्यापूर्वी आणला होता. एका नव्या कंपनीचा तो नमुना होता. आतून दिवा, बोट लावलं की बाईच्या आवाजात माहिती, आणि सीमा बदलली की फोनवरून आपोआप बदलणार. कंपनीला आमचं जुनं नाव हवं होतं, कारण शाळा नावावर विश्वास ठेवतात; खळ नको होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, करारावर सह्या व्हायच्या होत्या. बाबांचा हिस्सा माझ्याकडे आला होता, म्हणून मलाही बोलावून घेतलं होतं.

दादाच्या बाजूने सांगायचं तर त्याला चिकटखाना बंद करायचा नव्हता. त्याने मला नंतर सांगितलं की त्याच्या मनात चिकटखाना बोलक्या गोलाच्या शेजारी चालू राहणार होता, जुन्या गिऱ्हाइकांच्या जोरावर. ही खेप नीट पोचली की तो कंपनीला ताठ मानेने अट घालणार होता. पेट्या बाबा असतानाच भरून झाल्या होत्या, पण बाबांशिवाय पाठवलेली ही पहिली खेप. तिच्यासाठी त्याने जगाचा जेवढा अभ्यास केला तेवढा बाबांनी जन्मात केला नसेल. सकाळी दात घासताना तो निर्बंधांच्या बातम्या ऐकत असे, आणि कुठल्या सामुद्रधुनीत काय अडकलंय हे वहिनीला भाजी चिरताना सांगत असे. वहिनी त्याला म्हणे, आधी आपल्या मोरीचं काय अडकलंय ते बघ.

आणि एवढं करून चूक झाली ती घरातल्या माणसांबाबत. हे तो टेबलाशी कसं सांगणार होता?

"झालं असेल काहीतरी पेट्या चढवताना," तो म्हणाला.

काकांना हे पटलं नाही. काका बाबांचे धाकटे भाऊ. तरुणपणी एका दूतावासात अर्ज घ्यायच्या खिडकीमागे ते बसत, तेवढ्या पुण्याईवर घरात त्यांना राजदूत म्हणतात, आणि ते हाक ऐकून वळतातही. ते म्हणाले, पेट्यांची अदलाबदल होणं शक्य नाही, कारण त्यांच्यावर नावं असतात. "माझ्या नावाच्या पेट्या मी स्वतः बघितल्यात. दर वर्षी खाली जाऊन बघतो."

हे खरं होतं. निम्म्या पेट्यांवर बाबांच्या ब्रशाने 'काका' लिहिलेलं असे आणि निम्म्यांवर 'आत्या'. काकांची अशी समजूत होती की भाऊने धंद्यात आपला मान ठेवलाय. केस कापायला गेले की ते न्हाव्याला सांगत, आमचा अर्धा माल माझ्या नावाने परदेशी जातो. आत्यालाही नावाचं समाधान होतं, पण तिची वेगळी तक्रार होती: काकांच्या पेट्या नेहमी जास्त असत.

हे दोघे सख्खे बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वर जिन्यालगत कोपऱ्यात एक खोली आहे. आजोबा गेल्यावर काका म्हणाले तिथे माझी पुस्तकं राहतील, आत्या म्हणाली तिथे मी राहीन. बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि खोलीत न विकले गेलेले गोल भरून टाकले. तेव्हापासून ते गोदाम, आणि तेव्हापासून ही दोघं एका टेबलावर जेवून तिसऱ्याकरवी बोलतात. "तिला म्हणावं मीठ दे." "त्याला म्हणावं हात लांब आहेत." मी दहा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं की मोठ्या माणसांत अशीच पद्धत असते.

"याला विचार," आत्या मला म्हणाली, "त्या पेट्यांवर याचं नाव होतं तर त्या चुकल्या कशा?"

मी दादाकडे बघितलं. दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "सांगून टाका. आज ना उद्या कळणारच."

*

बाबांनी आजारपणात दादाला धंद्यातलं जे जे सांगितलं, त्यात पेट्यांची खूणही होती. पेटीवर देशाचं नाव घालायचं नाही. हमाल, जकातीचे कारकून, ट्रकवाले, कुणाची भावना कुठे दुखेल सांगता येत नाही. म्हणून त्यांनी देशांना घरातल्या माणसांची नावं दिली होती. "काका म्हणजे कुठला देश?" दादाने विचारलं होतं. बाबांना बोलताना दम लागत होता, तरी त्यांना हसू आलं. म्हणाले, "घरातली माणसं ओळखत नाहीस का रे? गरजतो आणि करत काही नाही, तो काका. बोलत नाही आणि सोडत नाही, ती आत्या." एवढं सांगून त्यांचा डोळा लागला, आणि हा विषय परत निघाला नाही.

दादाने हे टेबलाशी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. 'गरजतो' ऐवजी त्याने 'मत मांडतो' असं म्हटलं. तरी खोलीत जे व्हायचं ते झालं.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांना आधी न्हाव्याची आठवण झाली.

आत्याचं दुःख निराळं होतं. "मी भाऊला म्हटलं होतं, याच्या पेट्या जास्त का," ती हळू म्हणाली. "तर म्हणाला, त्याच्याकडे माणसं जास्त आहेत. मला तेव्हाच शंका आली होती. हा तर एकटा जीव."

वहिनी चहाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत होता.

आदल्या दिवशी बाबांच्या जुन्या वहीत 'काका'समोर उत्तरेकडच्या बंदराची पावती सापडली, तेव्हा दादाला चूक कळली होती. ती काय झाली, ते आता सरळ होतं. बाबांनी नावं ठेवली तेव्हा उत्तरेकडचा देश गरजायचा आणि दक्षिणेकडचा गप्प राहून धरून बसायचा. पण गेल्या वर्षभरात जग फिरलं. उत्तरेत नवं सरकार आलं, त्याने भाषणं बंद केली, सगळ्यांशी करार केले आणि दरीबद्दल चकार शब्द न काढता तिथे रस्ता बांधायला घेतला. दक्षिणेत एक नवे पुढारी आले, ते सकाळसंध्याकाळ गर्जना करतात. दादा रोज बातम्या ऐकत होता. त्याने दोन्ही देशांकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे ठरवलं की काका दक्षिणेला आणि आत्या उत्तरेला.

"म्हणजे तू आम्हाला बातम्या बघून ओळखलंस," काका म्हणाले.

"देशांना, काका. देशांना ओळखलं."

"भाऊने नावं ठेवली ती आम्हाला बघून. देश काय, दर निवडणुकीला बदलतात. आम्ही बदललो का?"

हे ते बचाव म्हणून बोलले, पण बोलून झाल्यावर त्यांना जाणवलं की हा आरोपच आहे.

आत्या तेवढ्यात बोलक्या गोलाकडे वळली होती. तिने आपली खळीने पिवळी पडलेली तर्जनी दक्षिणेकडच्या देशावर टेकवली. गोलातल्या बाईने क्षेत्रफळ सांगितलं, पाऊस सांगितला, मुख्य पिकं सांगितली. आत्याने मान हलवत सगळं ऐकून घेतलं, जणू डॉक्टर तिचाच अहवाल वाचून दाखवत होते. मग बोट वर सरकवून तिने दरीवर ठेवलं.

"क्षमस्व," बाई म्हणाली. "हा भाग आपल्या ठिकाणी उपलब्ध नाही."

"म्हणजे?"

दादाने सांगितलं की बोलका गोल ज्या देशात बसलेला असतो त्या देशाला आवडेल ती सीमा दाखवतो, आणि जिथे काय आवडेल याचा अंदाज नसतो तिथे काहीच दाखवत नाही. कंपनीला याचा फार अभिमान आहे.

"हे तर भाऊ करायचा," आत्या म्हणाली. "पण तो निदान कागद तरी लावायचा तिथे. ही भोक ठेवते."

*

मग तासभर आम्ही जग वाचवायचा प्रयत्न केला.

दादाचं म्हणणं, कुणाला काही कळवू नये. बंदरावरच्या दलालांना गाठून कंटेनर गुपचूप बदलून घ्यावेत. वहिनीने हा रस्ता आदल्या दिवशीच तपासला होता. दोन्ही देशांमधली सीमा बंद, त्यामुळे माल तिसऱ्या देशातून फिरवावा लागणार. तिसऱ्यावर हल्लीच निर्बंध आलेत. चौथा घेतो म्हणतो, पण चौथ्याचं बंदर पाचव्याने भाड्याने घेतलंय, आणि पाचवा पहिल्यावर रागावलाय. "पूर्वी दोघे भांडले की बाकीचे मधे पडून माल खपवायचे," वहिनी म्हणाली. "आता बाकीचेही भांडतात. मधे पडायला कुणी उरलंच नाही." तिला राजकारण अजिबात आवडत नाही, म्हणून तिला ते नेमकं समजतं.

काकांनी सुचवलं की दोन्ही सरकारांना एकच संयुक्त पत्र पाठवावं. चूक ही संधी समजावी. परस्परांचा नकाशा बघून कदाचित त्यांच्या मनात सद्भावना जागी होईल. मसुदा ते करतील.

"याला म्हणावं," आत्या म्हणाली, आणि थांबली. मग मान वळवून तिने थेट काकांकडे बघितलं. "तुझ्या मनात कधी जागी झाली का रे? माझा नकाशा बघून?"

मी पेटीवर सावरून बसले. माझ्या आठवणीत ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती.

"तू खोली सोडलीस का?" काका म्हणाले.

"तू भाषणापलीकडे काही केलंस का?"

"बघ. सोडत नाही."

"बघ. करत काही नाही."

दोघांचीही नजर एकदम वळली. टेबलाच्या त्या टोकाला रिकामी खुर्ची होती, आणि ज्याने ही दोन वाक्यं आधीच बोलून ठेवली होती तो तिच्यात नव्हता. काकांचं हसू आधी निसटलं. आत्याने पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय ते कळायच्या आत दोघांनी मिळून मोर्चा दादाकडे वळवला. आम्ही कसेही असू, पण घरात वाढलेल्या मुलाला काका आणि आत्या यांतला फरक कळू नये? काका म्हणाले, ताईचं बरोबर आहे. आत्या म्हणाली, तो म्हणतो ते खरं आहे. दादाच्या सगळ्या अभ्यासात या युतीचा अंदाज कुठेच नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तटस्थ राहिले, ते मला चांगलं जमतं.

"बास," वहिनी म्हणाली. "मी त्यांना फोन करते आणि खरं सांगते."

दादा म्हणाला, वेडी आहेस का. वहिनी म्हणाली, असेन. त्या उत्तरेकडच्या म्हाताऱ्याची बायको पाय मोडून पडली होती तेव्हा मी तिला आठवड्याला फोन करत होते, गोल विकायला नव्हे. त्याला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

फोन बाबांच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर. खुर्चीत न बसता तिथपर्यंत पोचायचं म्हणजे कंबरेत वाकून उभं राहावं लागतं. वहिनी तशीच उभी राहिली. जगातल्या सगळ्या बंदरांत चालणारी आणि कुणाचीच नसलेली जी मोडकी व्यापारी भाषा असते, तीत ती उत्तरेकडच्या व्यापाऱ्याशी बोलू लागली. आधी बायकोचा पाय विचारला. मग एका दमात सगळं सांगितलं. आत्याने डोळे मिटले होते. तिचा हात टेबलावर गोलाकार फिरत होता, सुरकुती शोधत असल्यासारखा.

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. वहिनीने हाताने फोन झाकला.

"माल शाळांमध्ये गेला म्हणतात. दोन दिवस झाले."

दादा खाली बसला.

"थांबा," वहिनी म्हणाली. ती परत ऐकू लागली. तिच्या कपाळावरची आठी आधी खोल गेली आणि मग हळूहळू विरली. ती आम्हाला तुकड्यातुकड्याने सांगू लागली. त्यांच्याकडे प्रत्येक गोलावर शिक्षणखात्याचा गोल शिक्का चिकटवल्याशिवाय तो वर्गात जात नाही. शिक्का चांगला अंगठ्याएवढा. कुठे लावायचा याचा नियम नाही. पहिल्या खेपेच्या वेळी त्यांनी बाबांना विचारलं होतं, आणि बाबांनी सांगितलं होतं, दरीवर लावा. नेहमी दरीवरच. गोदामातल्या पोरांना आता तेवढंच येतं. रंग कुठला, ते बघतसुद्धा नाहीत.

"का म्हणून विचार," आत्या म्हणाली.

वहिनीने विचारलं. म्हातारा हसला, ते आम्हालाही ऐकू आलं. वहिनीने त्याचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं:

"तुमचे वडील म्हणाले, आमच्या घरात एका खोलीवरून भांडण आहे. मी तिथे सामान भरून ठेवलंय. भांडण मिटलं नाही, पण जागा दिसत नाही, त्यामुळे जेवण दोघंही एकाच टेबलावर करतात."

काकांनी आत्याकडे मिठाचं भांडं सरकवलं. टोस्टला मीठ लागत नाही, पण ते तिने घेतलं.

दक्षिणेकडे फोन लावला तर तिथेही तेच. फक्त तिथला शिक्का चौकोनी.

*

संकट टळलं की आमच्या घरात लगेच नवा वाद सुरू होतो. रिकामं बसवत नाही. आत्याचं म्हणणं, दरी जर शिक्क्याखालीच जाणार होती तर इतकी वर्षं तिच्याकडून दोन वेगळ्या दऱ्या का चिकटवून घेतल्या? एकच फाक दोघांना चालली असती. केवढी खळ वाया गेली.

काका म्हणाले, सरकारला नमुना दाखवताना शिक्का नसतो, म्हणून. हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. नमुना एकच लागतो.

"शिक्का कधीतरी निघतो," आत्या स्वतःशीच म्हणाली. तिने बोटाची पिवळी कड नखाने खरवडली. "पोरं खरवडतात. खाली त्यांचंच असायला हवं."

दादाने मान वर केली. "म्हणजे या खेपेचे निघाले तर?"

"दोन-तीन वर्षं तर टिकतील," काका म्हणाले. "तोवर सरकारं बदलतात. कदाचित तोवर सीमाही तुझ्या पेट्यांप्रमाणे होईल, आणि लोक म्हणतील यांना आधीच माहीत होतं."

दादा पहिल्यांदा हसला. मग तो बोलक्या गोलाचा दिवा बंद करायला वाकला, आणि दिवा बंद केल्यावरही त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. ती कंपनी हुशार होती आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. कागदाचे दिवस फार उरले नाहीत हे बाबाही जाणत होते. म्हणायचे, आपण मेणबत्तीवाले आहोत, वीज जाईपर्यंत दुकान उघडं ठेवायचं. शेवटी दादा वहिनीला म्हणाला की उद्या त्या लोकांना कळव, सही पुढच्या वर्षी बघू. तोवर कंपनी टिकली तर छापू.

"वर्षभर मुरू दे," वहिनी म्हणाली.

आत्याने काही दाखवलं नाही. फक्त चहा परत मागितला, आणि चहा ती एकदाच घेते.

त्याच वेळी वहिनीचं लक्ष माझ्याकडे गेलं. कपबशा गोळा करता करता ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही बसलाय ती पेटी कुठली? खालची दिसते."

दादा म्हणाला, ती बाबांच्या खोलीत होती. कुठल्याच मागणीशी जुळेना, म्हणून त्याला वाटलं माझं काहीतरी सामान असेल. मी म्हटलं, माझं नाही. मी उठले आणि पेटी फिरवली. जी बाजू भिंतीकडे होती, तिच्यावर बाबांच्या ब्रशाने लिहिलं होतं: धाकटी.

अक्षर थोडं हललेलं होतं. आजारपणातलं असणार.

"ती जायचीच आहे अजून?" आत्या म्हणाली. मग तिने सांगितलं, आणि काकांनी मधे मधे दुरुस्त्या केल्या, थेट तिला. डोंगरात एक देश आहे. त्याला बंदर नाही. दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मधे अडकलेला, भांडत कुणाशी नाही आणि ऐकत कुणाचं नाही. नाव एकदा बदललं, मग परत जुनं घेतलं. तिथली एक शाळा दर वर्षी एकच गोल मागवते. एका गोलासाठी एवढा लांबचा खर्च कशाला, असं आत्या बाबांना म्हणायची. ती पेटी ते कुणाला बांधू देत नसत.

"पत्ता?" दादाने विचारलं.

पत्ता कुणालाच माहीत नव्हता. आत्या म्हणाली, शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचा फोन येतो, सुट्टी संपता संपता. त्या पत्ता सांगतात, भाऊ ऐकून घेतो, आणि मग ते बराच वेळ बोलत बसतात. काय, ते तिला माहीत नाही. दार लावलेलं असायचं.

मी बोलक्या गोलाचा दिवा लावला आणि डोंगर शोधले. बोट लावल्यावर बाई क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, या देशाविषयीची माहिती लवकरच उपलब्ध होईल.

"बघ," काका म्हणाले. "तिलासुद्धा काही सांगत नाही."

वहिनीने विचारलं, पेटी उघडून बघायची का. खिळे बाबांनी ठोकलेले होते, प्रत्येक कोपऱ्याला दोन, एक सरळ आणि एक तिरपा. मी नको म्हटलं. दादाने पेटीची एक बाजू धरली आणि मी दुसरी. ती आम्ही जिन्याशी नेऊन ठेवली, फोन आला की लगेच खाली नेता यावी म्हणून. गोलाच्या मानाने ती जड होती. बाबा भुसा दाबून भरायचे.

दादाच्या मागून परत आले तेव्हा टेबलाशी चार माणसं चार खुर्च्यांवर बसली होती. मी दारात उभी राहिले. कोपऱ्यातल्या खोलीतून स्टूल आणावं का, असा विचार करत होते. पण त्या खोलीची किल्ली मागितली असती तर आणखी एक रविवार गेला असता.

"अगं बस आता," आत्या म्हणाली. "खुर्ची आहे ती, सीमा नाही."

"आणि फोन तुलाच घ्यायचाय," वहिनी म्हणाली.

मी बसले. फोन उजव्या हाताला होता, अगदी हात लांब न करता उचलता येईल असा. इतकी वर्षं बाबा बोलताना कुठे बघत असतील, हे मला त्या दिवशी कळलं. खिडकीतून खाली चिकटखान्याची पुढे आलेली गच्ची दिसते, आणि दोरीवर वाळत घातलेले, अजून एकही नाव न चिकटवलेले पांढरे गोल.

काका म्हणाले, ताई, ती किल्ली आहे तरी कुणाकडे? आत्या म्हणाली, माझ्याकडे आहे, आणि देणार नाही.